शहादेवचा चोरकॉक

माणिकरावाच्या माणसांनी बायांच्या दूध संस्थेचा ट्रॅक्टर नेला तो भर दुपारी, अख्खं गाव सपरात जीभ काढून पडलेलं असताना. चावीची अडचण नव्हती. जुन्या ट्रॅक्टरला चावीचं काय कौतुक, पेचकस घातला तरी तो सुरू होतो. झालाही. मागची पाण्याची रिकामी टाकी खडखडली, दोघे गडी चढले आणि माणिकरावाच्या मोसंबीच्या बागेकडे निघाले. खदानीच्या वळणापर्यंत ट्रॅक्टर गुणी बैलासारखा गेला. तिथं त्यानं दोन आचके दिले आणि बंद पडला.

त्याच वळणावर, लिंबाच्या झाडाजवळ, चैत्रात शहादेव गेला होता. ह्याच ट्रॅक्टरवर बसल्याबसल्या.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. एकानं खाली उतरून डिझेल बघितलं, भरपूर होतं. डिझेलच्या टाकीखालचा कॉक बघितला, उघडा होता. मग ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याआड त्याला एक काळं फडकं दिसलं. आत बिब्बा, वाळकं लिंबू, मिरच्या. कुणीतरी बांधलेला उतारा. तो हात झटकत मागं सरकला. पळताना दुसऱ्याची एक चप्पल फुफाट्यात राहिली. ती न्यायला नंतर कुणी आलं नाही.

दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की शहादेव आपला ट्रॅक्टर कुणाला नेऊ देत नाही. चतुराबाईच्या कानावर हे आलं तेव्हा ती संस्थेच्या ओट्यावर बसून दुधाचे रिकामे कॅन मोजल्यासारखे करत होती. तिनं पदर सारखा केला.

"मंग? पोरगं कुनाचं हाय," एवढंच म्हणाली.

चतुराबाई शहादेवची आई. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली. एक दिवस शेणाला माणूस कमी पडलं म्हणून बापानं हाक मारली, ती परत काही शाळेत पोचली नाही. पण गावातल्या बायांची दूध संस्था उभी राहिली तेव्हा चेअरमन म्हणून दुसरं नावच पुढं आलं नाही. सहीतला 'च' निम्मा कागद खायचा, आणि बाकीचा कागद तिचं तोंड खायचं. चकलांब्याच्या बाजारात माणसं तिला वाट देत ती मानापेक्षा त्या तोंडाला.

संस्थेनं ट्रॅक्टर घेतला तो दूध चकलांब्याला पोचवायला. मग तेरा सालचा दुष्काळ आला. जनावरांच्या सडांत दूध राहिलं नाही तसं ट्रॉलीच्या जागी पाण्याची टाकी लागली. गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी पडली होती. सगळ्या बायांची गुरं तिथं. छावणीत उसाचं वाढं मिळायचं, पाणी मात्र ज्याचं त्यानं. तळ्याखालच्या एका विहिरीला तेवढा ओलावा धरून होता. तिथून शहादेव खेपा करायचा.

आणि दुपारी तो भाकर खायला टेकला, की ट्रॅक्टर नाहीसा व्हायचा. माणिकराव दुसऱ्या सोसायटीचा चेअरमन. त्याच्या मोसंबीला पाणी पाहिजे होतं, आणि बायांच्या ट्रॅक्टरला धनी नसतो अशी त्याची समजूत. एकदा तर शहादेव भाकर खाऊन डुलकी काढून उठला तोवर बागेत टाकी रिकामी करून ट्रॅक्टर जागेवर आणून उभाही केला होता. सायलेन्सर तापलेला म्हणून कळलं.

तेव्हा शहादेवनं गेवराईला जाऊन चोरकॉक बसवून आणला. ट्रॅक्टरला मूळचा एक कॉक असतोच, टाकीखाली, सगळ्यांच्या माहितीतला. हा दुसरा, डिझेलच्या नळीवर, पायाखालच्या पत्र्याआड. तो बंद केला तरी पुढच्या नळीत आणि फिल्टरात डिझेल उरतंच. तेवढ्यावर इंजिन सुरू होतं, थोडं चालतं, आणि मग तहानेनं मरतं. चोराला वाटावं, मशीनच बिघडलं. ते डिझेल बरोबर खदानीच्या वळणापर्यंत पुरायचं.

"हे फकस्त तुला सांगतो, आई," शहादेव म्हणाला होता. "तिसऱ्या कानाला नको."

त्यावर काळं फडकं, बिब्बा, लिंबू बांधायची अक्कल चतुराबाईची. शहादेव हसला होता. ती म्हणाली होती, "कुलूप फोडनारे गल्लोगल्ली हायेत. दुसऱ्याच्या उताऱ्याला हात लावनारा ह्या मुलखात जल्माला यायचाय."

मग तो गेला. दुपारच्या खेपेवरून यायला उशीर झाला म्हणून भावकीतला सटवा बघायला गेला, तर वळणावर ट्रॅक्टर उभा. टाकी भरलेली, इंजिन चालू, आणि शहादेवचं डोकं स्टेअरिंगवर. डॉक्टर म्हणाला, ऊन लागलं. त्या वर्षी ऊन कुत्र्यासारखं अंगावर यायचं.

ट्रॅक्टर सटवाकडं आला. कॉक चतुराबाईकडं राहिला. दिवसाची शेवटची खेप झाली, की ती उदबत्ती घेऊन जायची, पत्र्यापाशी वाकायची आणि बंद करायची. पहाटे परत उदबत्ती, परत वाकायची, उघडायची. लोकांना वाटे, माय लेकराच्या मशीनला पुजते. वाटेना का. माणिकरावाची माणसं चप्पल टाकून पळाली त्या दिवशी सटवा आजारी होता, कॉक बंद होता, आणि चतुराबाईला पुरेपूर माहीत होतं, की अडवलं ते शहादेवनं नव्हे. तिनंच. पण ज्या पोराचं नाव घ्यायचंही लोकांनी टाळायला सुरुवात केली होती, ते आता सगळ्यांच्या तोंडी झालं. राखण करतो म्हणत होते. ती गोष्ट कोणती आई खोटी पाडील?

*

मग एक दिवस ट्रॅक्टर तिनं न अडवता अडला.

पहाटे तिनं स्वतःच्या हातानं कॉक उघडला होता. सकाळच्या खेपा झाल्या होत्या. ट्रॅक्टर सटवाच्याच हाताखाली होता म्हणून तिनं दुपारी तिकडं पाहिलंही नव्हतं. आणि दुपारच्या खेपेला रिकामी टाकी घेऊन निघालेला सटवा घामानं न्हाऊन पायी परत आला.

"काकू, वळनावर बंद पडलं."

"नळीत एअर धरली आसंल. काढायची."

"काढली. डिझेलच येत न्हाई. टाकीत हाय, कॉक उघडा हाय, आन येत न्हाई." त्यानं गळ्यातला रुमाल तोंडाला लावला. "मी काय एकटा जायचो न्हाई तिकडं."

"चल. चावत न्हाई त्यो तुला."

ऊन उतरल्यावर ती गेली. सटवाला लांब उभं केलं, उदबत्ती लावली, पत्र्यापाशी वाकून फडक्यात बोटं घातली. कॉकची दांडी आडवी होती. बंद.

चतुराबाईचा हात तसाच राहिला. लिंबाचं पानही हलत नव्हतं. पहाटे ती दांडी तिनं उभी केली होती, बोटांना अजून आठवत होतं. दुपारभर कुणी आलं असतं तरी ह्या फडक्याला शिवलं नसतं. आणि आत काय आहे ते जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक ती. दुसरा इथंच गेला.

"शहादेव," ती हळू म्हणाली. "अरे, आपलाच गडी हाय की. सटवा हाय."

उत्तर कशाचं येतंय. लांबून सटवानं विचारलं, "काय म्हनत्यात?" तिनं दांडी उभी केली आणि म्हणाली, "जा म्हनतोय."

सटवानं एअर काढली, ट्रॅक्टर सुरू झाला. खेप झाली, पण दिवस कलल्यावर.

त्यानंतर ते होत राहिलं. रोज नाही, आज झालं, मग दोनचार दिवस नाही, मग लागोपाठ. सकाळी कधी नाही, संध्याकाळी नाही, फक्त दुपारच्या खेपेला. चतुराबाईनं मनाशी जुळवलं: ज्या वक्ताला गेला त्याच वक्ताला येतो. प्रत्येक वेळी कॉक बंद सापडायचा. प्रत्येक वेळी तिच्या मानेवर काटा यायचा, आणि त्या काट्याच्या आत काहीतरी गार वाटायचं, माठावर गाल टेकवल्यासारखं.

ती बोलू लागली. सून माहेरी जात नाही, ऐकत नाही, अंग धरत नाही. विहिरीनं तळ दाखवलाय. तुझी ढवळी गाय छावणीत कुणाला शिंगं दाखवत नाही, मुकाट झालीय. वळणावर भाकरीचा तुकडा आणि वांग्याचं कोरड्यास ठेवू लागली. तिचं बघून आणखी दोघी-तिघी ठेवू लागल्या. ट्रॅक्टर दुपारी सुरळीत गेला, की तिची चिडचिड व्हायची. कॅनला लाथ बसायची, सुनेला शब्द बसायचा. बंद पडला असं सटवा सांगत आला, की ती उठताना गुडघ्यावर हातही टेकवायची नाही. हे तिचं तिला कळत होतं. कळूनही ती दुपार कलायची वाट बघायची, लेक सासरहून यायची असल्यासारखी.

छावणीत मात्र गुरं दावणीला तोंड घासत होती. दुपारचं पाणी सांजेला आलं, की आधी कुणाची पाजायची ह्यावरून बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. ऊन नको तेवढं. एका दुपारी जाईबाईची गाय बसली ती उठली नाही.

जाईबाई बुद्ध विहारामागच्या आळीतली, संस्थेची पहिल्या दिवसापासूनची सभासद. चतुराबाईच्या तोंडाला तोंड देईल अशी गावात एकटी. ती ओट्याशी आली, बसली नाही.

"चतुरे, माझी गाय मेली."

"कळलं मला. लई वंगाळ झालं."

"तुजं पोरगं मेलं तवा मी तुज्यासंगं रडले. माझी गाय कावून मरावी? पानी कावून येत न्हाई दुपारचं?"

"गावाला ठावं हाय कावून येत न्हाई."

"गावाला काय, गाव धोंड्याला बी शेंदूर लावंल. आमी न्हाई मानत भूत. शहादेव जित्ता आसता तर गुरांचं पानी अडवलं आसतं का त्यानं? मेल्यावर कुठून आली त्याला ही बुद्धी? माणूस हाय कुनीतरी. मशीनला माणूसच हात लावतंय."

चतुराबाईनं शिवी हासडली नाही, कॅनचं झाकण उचलून परत लावलं. जाईबाईला त्याचंच नवल वाटलं असावं, ती आवाज खाली आणून म्हणाली, "बाया बैठक घ्या म्हनायल्यात. माणिकरावानं निरोप धाडलाय. ट्रॅक्टर त्याच्या सोसायटीकडं चालवायला द्यावा, त्यो जानता मांत्रिक आणून फडकं-बिडकं काढून फेकील, त्याचा ड्रायव्हर दुपारचं पानी घालील. बाया हो म्हनतील. मी बी म्हनीन. सांगून ठेवते, मागनं म्हनू नको."

माणिकराव दुपारचं पाणी कुठं घालील हे जाईबाईलाही माहीत होतं. पण मेलेली गाय उचलून नेताना जिनं पाहिलीय तिला मोसंबीची भीती काय घालायची.

*

बैठक दिवस कलल्यावर होती. त्या दुपारी चतुराबाई दूध संकलनाच्या खोलीत जाऊन बसली. दार आतून लोटलं. खोलीला जाळीची खिडकी होती आणि खिडकीसमोर, बाभळीखाली, ट्रॅक्टर. आंबूस दुधाचा वास अजून भिंतींत होता.

ती कुणाला पकडायला बसली नव्हती, हे खरं. तिला त्याला बघायचं होतं. बोट दिसलं असतं तरी चाललं असतं. उद्या ट्रॅक्टर माणिकरावाच्या दारात गेला, फडकं निघालं, तर तो मग कुठं येणार? तिनं खिडकीच्या जाळीला कपाळ लावलं आणि मनात म्हणाली, ये रे बाबा. आजच्या दिवस ये.

सटवा ट्रॅक्टर लावून बाभळीखाली टेकला. थोड्या वेळानं मालन आली. शहादेवची बायको. डोक्यावर पदर, हातात भाकरीचं फडकं. सटवाला भाकर रोज तीच आणून द्यायची. सटवा हात धुवायला रांजणाकडं गेला. मालननं भाकर मडगार्डवर ठेवली. मग वाकली, पत्र्याआड हात घातला, उताऱ्याचं काळं फडकं पिशवीचं तोंड सोडावं तसं बाजूला केलं, मनगट फिरवलं आणि फडकं परत नीट केलं. घाई नाही, भीती नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढावं तसं.

चतुराबाई कपाळ जाळीला लावून तशीच उभी राहिली. आधी राग येईल असं तिला वाटत होतं. तो आला नाही. चैत्रात सटवा पळत आला होता, अंगणात उभा राहिला होता, आणि तोंड उघडायच्या आत तिला कळलं होतं, तसंच आत्ता झालं.

"सटवा," तिनं दारातून हाक दिली. "आज दुपारची खेप न्हाई. बैठक हाय. भाकर खा आन जा घरी."

सटवाला दोनदा सांगावं लागलं नाही.

"तू आत ये," ती सुनेला म्हणाली.

मालन आत आली आणि कॅनच्या रांगेपाशी उभी राहिली. तिनं बघितलं, की सासूनं बघितलं.

"कवापासून करायलीस?"

"माणिकरावाची माणसं पळाली त्याच्या पुढल्या हप्त्यापासून."

"तुला कॉक कुनी दावला?"

"ज्यांनी बसवला त्यांनीच."

"मला म्हनला हुता, फकस्त तुला सांगतो."

मालननं खाली बघितलं. "मला बी तसंच म्हनले हुते."

बाहेर कावळा टाकीवर बसून चोच घासत होता. चतुराबाई खाली फरशीवर बसली. "बस," म्हणाली. मालन बसली नाही.

"गाय मेली जाईबाईची. त्वा मारली."

"व्हय," मालन म्हणाली. "म्या तिला माझी कालवड द्यायची ठरवलीय. पर सटवाभावजींची बायको पोटुशी हाय, आत्याबाई. दुपारची खेप करून आले, की ते रांजणापाशी वकतात. तुमाला दिसत न्हाई, तुमी तवा घरात आसता. त्यांचे बी डोळे आमच्या ह्यांच्यावानीच लाल व्हायलेत. म्या दोनदा तुमाला म्हनले, दुपारची खेप नको. तुमी काय म्हनल्या?"

काय म्हणाली होती ते चतुराबाईला आठवलं. म्हणाली होती, उन्हाला भिऊन बांगड्या भरायला सांग त्याला. तिनं ते आता बोलून दाखवलं नाही.

"म्हून भूत केलंस माझ्या पोराचं?"

"म्या न्हाई केलं. तुमी केलं. म्या फकस्त दांडी फिरवली." मालनचा आवाज चढला नव्हता, पण आता थांबतही नव्हता. "त्यांनीच शिकवलं हुतं. ते बी फिरवायचे. दुपारच्या खेपेला."

"कोन फिरवायचं?"

"तेच. तुमी धाडायच्या आन ते जायचे. वळनावर बंद पडायचं मशीन. घरी येऊन म्हनायचे, एअर धरली."

"धरायची की. कितींदा धरायची. म्या त्या गेवराईच्या मिस्त्रीला बाजारात उभं करून शिव्या दिल्या."

"एअर न्हवती धरत, आत्याबाई. लिंबाखाली झोपायचे. ऊन कललं, की दांडी उभी करायचे आन मंग जायचे हिरीवर. म्हनायचे, आईला न्हाई म्हनता येत न्हाई. ट्रॅक्टर न्हाई म्हनला तर ऐकती."

चतुराबाईनं तोंडावरून हात फिरवला. किती दुपारी तिनं बाहेरच्या ओट्यावर उभं राहून ट्रॅक्टरला, मिस्त्रीला, विकणाऱ्याला मुळासकट उद्धारलं होतं, आणि शहादेव मान खाली घालून ऐकायचा. तिला वाटायचं, पोराला लागतंय. तो हसू दाबत असायचा, का काय करत असायचा? तिनं कधी तोंड वर करून बघितलं नव्हतं. माणिकरावासाठी म्हणून बसवलेला कॉक तो तिच्यावर वापरत होता, आणि तिला वाटत होतं ते दोघांचं गुपित आहे.

मग तिनं जे विचारायचं होतं ते विचारलं.

"मंग त्या दिशी कावून न्हाई केला बंद?"

"म्या इचारलं हुतं. भाकर द्यायला आले तवा. म्हनले, आज नको. छावनीतली गुरं वरडायल्यात, हितवर ऐकू यायलंय. आजच्या दिवस भरून आनतो."

"असं म्हनला?"

"व्हय."

"गुरं वरडायल्यात म्हनला? आई वरडल असं न्हाई म्हनला?"

मालननं सासूकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. ते खरं सांगावं का बरं सांगावं, असं काहीतरी त्या बघण्यात चतुराबाईला दिसलं, आणि तिनं स्वतःच हात वर केला.

"ऱ्हाऊ दे. सांगू नको."

*

बैठकीला बाया ओट्यावर आणि बाभळीखाली दाटून बसल्या. माणिकरावाचा माणूस धुळाजी फटफटीवर एक पाय टेकवून कडेला थांबला होता, निकाल लागला, की ट्रॅक्टर घेऊन जायला. सटवा भिंतीला चिकटून. मालन सगळ्यांच्या मागं.

जाईबाईनं सुरुवात केली. ट्रॅक्टर चालवता येत नसंल तर ज्याला येतो त्याला द्यावा. बायांनी माना हलवल्या. चतुराबाईनं कुणाचं तोंड धरलं नाही. सगळ्यांचं होऊ दिलं, मग उठली, ट्रॅक्टरपाशी गेली आणि पत्र्याआडचं काळं फडकं गाठ न सोडता ओढून तोडलं. बिब्बा, लिंबू, मिरच्या मातीत सांडल्या. बाया मागं सरकल्या. एका म्हातारीनं नातवाचे डोळे झाकले.

"ही दांडी बघा," चतुराबाई म्हणाली. "हा कॉक हाय. आडवा केला, की डिझेल थांबतं आन मशीन वळनावर जाऊन मरतं. शहादेवनं बसवला, चोरांसाठी." तिनं धुळाजीकडं बघितलं नाही, पण सगळ्यांनी बघितलं. "उतारा म्या बांधला. बघनाऱ्यानं भ्यावं म्हून."

जाईबाई पुढं आली. वाकली, आडवी दांडी दोनदा फिरवून बघितली आणि उभी केली.

"मंग आडवा कोन करायलंय?"

मागं मालननं पदर दातांत धरला होता. चतुराबाईनं बायांच्या डोक्यांवरून तिच्याकडं बघितलं.

"मी."

धुळाजीचा टेकलेला पाय सरकला.

"माझं पोरगं उन्हात गेलं. दुसऱ्या बाईचा गडी जाऊ द्यायचा न्हवता. म्हून दुपारी बंद करत हुते."

"आन माझी गाय?"

"ती माझ्यावर. कालवड तुज्या दावनीला येईल उद्या."

"कालवडीचं ऱ्हाऊ दे. असं हुतं तर बोलायचं हुतं की, चतुरे. खेप बंद म्हनायचं. चेअरमन हाईस. इतकं तोंड चालतं तुजं."

"चालतं," चतुराबाई म्हणाली. "पर तेवढ्याला न्हाई चाललं."

हे बोलताना तिचा आवाज जरा हलला. बायांना वाटलं, पोराच्या आठवणीनं.

मग ठरलं ते भराभर ठरलं. दिवस उगवायच्या आधी खेपा, मग ऊन कलल्यावर. दुपारी कुणी चाकाला हात लावायचा नाही. छावणीत हौद बांधून रात्रीचं पाणी दुपारसाठी राखायचं. आणि कॉक आता गावाला माहीत झाला, म्हणून बायांनी दुपारी पाळीपाळीनं ट्रॅक्टरपाशी बसायचं.

"त्या फटफटीवाल्या दाजींना सांगा कुनीतरी," एक जण म्हणाली. "आता भूत न्हाई, आता आमीच हाओत."

बाया हसल्या. धुळाजीनं फटफटीला लाथ मारली, ती तिसऱ्या लाथेला सुरू झाली.

बाया उठून पांगू लागल्या तेव्हा जाईबाई थांबली. तिनं मातीतलं वाळकं लिंबू पायानं कडेला केलं. आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं.

"म्हंजी तिथं शहादेव न्हवता?"

जाईबाई भूत मानत नव्हती. तरी तिनं विचारलं, आणि का विचारलं ते चतुराबाईला कळलं. वळणावर ठेवलेल्या भाकरींत एक जाड भाकर जाईबाईच्या हातची असते, हे तिला केव्हाचं ओळखू आलं होतं. होता म्हणायला काही लागत नव्हतं. कधीकधी असायचा, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"न्हवता," ती म्हणाली.

*

ऊन पार उतरलं. सटवानं रिकामी टाकी जोडली, ट्रॅक्टर सुरू केला आणि निघाला. चतुराबाई ओट्यावर बसून राहिली. मालन येऊन जोत्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली. दोघींच्या मध्ये दोन बाया बसतील एवढी जागा होती.

"तुमी माझं नाव कावून न्हाई घेतलं?"

"तुज्यासाठी न्हाई केलं. त्यांना वाटू दे, चतुराबाईला दया माया हाय. एवढं तरी खोटं मला बोलू दे."

ट्रॅक्टरचा आवाज पांदीतून गेला, ओढ्याच्या कोरड्या पात्रात खाली दबला, परत वर आला. आता वळण.

"लिंबाखाली झोपायचा म्हनलीस. कसा झोपायचा?"

"कुशीवर. गुडघे पोटाशी घेऊन. रुमाल तोंडावर."

"ल्हानपनी तसाच झोपायचा," चतुराबाई म्हणाली. "माझ्या पाठीला पाय लावून."

आवाज वळणावर आला. ती मान वाकडी करून ऐकू लागली. आचका आला नाही. आवाज एकसारखा पुढं गेला, माळावर बारीक झाला, आणखी बारीक, मग तो आहे का नाही हे कानाला कळेना.

"चहा ठेवू का, आत्याबाई?"

"थांब जरा," चतुराबाई म्हणाली.